आपली गाडी : पद्मिनीचा ताप

दिवाळीला गाडी घेऊन गावी जायचे ठरले, की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष चकल्यांचा डबा कुठे ठेवायचा ह्याचा खल करतो आणि दुसरा बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये डोकावतो. आमच्या घरी दुसऱ्या पक्षात मी एकटाच. पण तीन वर्षांपूर्वी मी न डोकावताच निघालो, आणि म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकात पद्मिनीच्या इंजिनाविषयी लिहीत आहे.

मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिन्या मात्र अजून कितीतरी सोसायट्यांच्या आवारात कापड पांघरून उभ्या आहेत. आमची त्यांतलीच एक. १९८६ साली बाबांनी घेतलेली.

गाडी कुर्ल्याची, पण इंजिनाचे घराणे इटलीचे. १९३७ च्या फियाट ५०८ सी ह्या गाडीसाठी ते तयार झाले, आणि त्या गाडीच्या जडणघडणीत दान्ते जाकोसा ह्या नामांकित अभियंत्याचा हात होता. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. धाव व्यासापेक्षा मोठी, म्हणून हे इंजिन कमी वेगातही नेटाने ओढते. पण क्रँकला आधार तीनच बेअरिंगांचा. तेव्हा ताशी नव्वदच्या पुढे तिला पळवण्यात पुरुषार्थ नाही. फायरिंगचा क्रम १-३-४-२. हा क्रम बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावा. प्लग साफ करताना वायरी उलटसुलट लावून मग ‘गाडी का खोकते?’ म्हणून डोके धरून बसणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांतला एक रोज आरशात भेटतो.

आता मुख्य मुद्दा. ह्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापले की बिडापेक्षा सुमारे दुपटीने प्रसरण पावते. दोघांच्या मध्ये एक पातळ गॅस्केट. पाणी खेळते आहे तोवर संसार सुखाचा; पाणी आटले की हेड वाकडे होते आणि गॅस्केट जळते.

आमचे हेच झाले. खोपोली सोडली, घाट लागला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. “अहो, तो काटा फार वर गेलाय,” सौ. म्हणाल्या. “घाटात जातोच,” मी म्हणालो. शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेटमधून वाफ निघाली. रेडिएटरचा खालचा होजपाइप चिरला होता आणि वाटभर पाणी गळत आले होते. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण मागे हॉर्न वाजत होते, मुले रडकुंडीला आली होती. मी होजवर चिकटपट्टी गुंडाळली आणि दहाच मिनिटांनी थंडगार पाण्याच्या दोन बाटल्या आत रिकाम्या केल्या.

हे कधी करू नये. इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि निदान अर्धा तास झाडाखाली बसावे. झाकण लगेच उघडले तर उकळते पाणी हातातोंडावर उडते. झाकण हाताला सोसवेल इतके निवले, की त्यावर फडके टाकून आधी अर्धाच आटा फिरवावा, वाफ जाऊ द्यावी. मग इंजिन चालू ठेवून पाणी बारीक धारेने सोडावे.

परतलो तो गाडी सुरू व्हायला त्रास, ओढ नाही, इंजिन थरथरते. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी कानाने ऐकूनच निकाल दिला: इंजिन खाली उतरवा, बोअर करा, पिस्टन-रिंग नव्या घाला. सांगितलेला आकडा भंगारवाल्याने देऊ केलेल्या किमतीच्या तिप्पट होता. बाबांना सांगितले. “मग देऊन टाक,” एवढेच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथून खाली गाडी दिसते.

दुसऱ्या दिवशी मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांचे आयुष्य पद्मिनी टॅक्सींत गेलेले. त्यांनी चारही प्लग काढले आणि एकेका भोकाशी कॉम्प्रेशनचे गेज धरून मला स्टार्टर मारायला लावले. एक आणि चार नंबरला काटा चांगला वर गेला. दोन आणि तीनला निम्म्यावर अडला. मग त्या दोघांत चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असतील, तर तेलाने फट बुजते आणि काटा चढतो. काटा तसूभर हलला नाही. “साहेब, रिंगा ठीक आहेत. शेजारचे दोन एकदम पडले म्हणजे मधलं गॅस्केट गेलं. इंजिन कशाला उतरवता?”

हेड काढले, तर दोन आणि तीनच्या मध्ये गॅस्केट काळे पडून तुटले होते. हेडवर पट्टी ठेवली तेव्हा मध्ये फिलरगेजचे पाते सहज सरकले. हेडचे फेसिंग केले, गॅस्केट नवे घातले, नट मधून बाहेर अशा क्रमाने, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळले. मग टॅपेट लावले. सगळा खर्च त्या आकड्याच्या पाचव्या हिश्शातही नव्हता. म्हणून सांगतो, बोअरचे नाव निघाले की आधी गेज मागा. अर्ध्या तासाचे काम आहे.

बाकीची दुखणी किरकोळ. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरते आहे. मागून निळा धूर म्हणजे तेल जळते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, आणि पुष्कळदा चोक ओढलेलाच राहिलेला असतो. गाडी चालता चालता अचानक मेली, तर आधी पॉइंट आणि कंडेन्सर पाहा. उन्हाळ्यात घाटमाथ्यावर बंद पडली, तर एसी पंपावर ओले फडके ठेवा. पेट्रोलची आत वाफ झालेली असते.

एक गोष्ट मात्र नवी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. पेट्रोलचे नळ आणि एसी पंपाचा पडदा फुगतो, मग चिरतो. हे नळ तापलेल्या इंजिनाशेजारून जातात, तेव्हा गळती म्हणजे आगीची भीती. इथेनॉलला टिकणारे नळ मिळतात, ते घाला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि टाकी आतून गंजते.

आमचे नळ गेल्या महिन्यात बदलले. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. मिस्त्रींना पाना कोणता लागेल, हे तेच सांगत होते.