वरिष्ठांच्या मार्फत

‘साहेबाशी मतभेद झाला तर आवाज चढवू नये, अर्ज करावा,’ हा उपदेश आमच्या सुशिक्षित घरांतून मुलाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी मिळतो. उपदेश वाईट नाही. पण तो करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या अर्जाचा प्रवास कधी पाहिला आहे काय? अर्ज ‘वरिष्ठांच्या मार्फत’ धाडावा लागतो. म्हणजे ज्याच्याविषयी गाऱ्हाणे, त्याच्याच शेऱ्यासह. प्रस्तुत लेखकाचा असा एक अर्ज चौदा महिन्यांनी परत आला. त्यावर त्याच साहेबांचा शेरा होता : ‘पाहिले.’

कारकून अशा वेळी सुस्कारा सोडतो. सगळेच सोडत नाहीत, हे नायगावने १९८२ साली पाहिले. तेथील पोलीस वसाहतीतला शिपाई काही जन्माचा बंडखोर नव्हता. शिपायांची स्थिती व त्यांची गाऱ्हाणी ऐकण्याची व्यवस्था यांचा विचार राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात केला होता. परंतु १९६६ च्या कायद्यान्वये पोलिसाला परवानगीवाचून कामगार संघटनेत जाता येत नाही. आणि परवानगी देणार कोण, तर ज्यांच्याशी वाद तेच! शिपायांची एक संघटना उभी राहिली होती. त्यांनी स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लावल्या. सरकारने संघटनेची मान्यता काढून पुढारी पकडले, आणि १८ ऑगस्टला शहर पेटले. लष्कर बोलवावे लागले.

त्या दंगलीचे समर्थन आम्ही करणार नाही. दुकाने फुटल्याने शिपायाची खोली वीतभरही रुंदावली नाही. उलट कित्येकांची नोकरी मात्र गेली. पण ‘शिस्त बिघडते’ एवढेच पालुपद आळवणाऱ्यांना आमचा सवाल आहे : फितीपर्यंत गोष्ट आली, तेव्हा ऐकणारा कोणी होता काय? त्याच नायगावच्या बी. डी. डी. चाळींत गिरणी कामगारही राहत होता. त्याचा संप जानेवारीपासून चालला होता. दत्ता सामंतांवर त्याचा विश्वास. पण १९४६ च्या कायद्याप्रमाणे बोलण्याचा अधिकार दुसऱ्याच मान्यताप्राप्त संघाकडे! एकाला तोंड नाही, दुसऱ्याला भलत्याचेच तोंड.

आमची मागणी माफक आहे. गाऱ्हाण्याचा निकाल त्या वरिष्ठाखेरीज दुसऱ्याने, ठरल्या मुदतीत, लेखी कारणांसह द्यावा. आणि अर्ज केला म्हणून बदली होऊ नये. हे पोलिसाला हवे, तसेच कारकुनालाही. मुलाला अर्ज करावयास सांगणाऱ्या गृहस्थांपैकी कित्येकजण आज स्वतः साहेब आहेत. त्यांच्या मेजाच्या खणात असे किती अर्ज पडून आहेत, ते त्यांनी आज संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी मोजून पाहावे.