गिऱ्हाईक मनिलाचे, रीत पेढीची

गेल्या महिन्यात एका परिचित व्यापाऱ्यांचे चिरंजीव हिशेबाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. कृत्रिम दागिन्यांचा त्यांचा पिढीजात व्यवसाय. फिलिपिन्समध्ये माल विकावा म्हणून त्यांनी तीन महिने फेसबुकवर जाहिराती दिल्या होत्या. जाहिराती इथल्याच, दिवाळीसाठी केलेल्या. भाषा तेवढी यंत्राकडून बदलून घेतलेली. चौकशा पुष्कळ आल्या, विक्री मात्र नगण्य. “काका, तिथल्या लोकांना फक्त विचारायचेच असते का?” त्यांनी विचारले. मी कागद बाजूला ठेवून मोबाईलमधील संवाद पाहिले. गिऱ्हाइकाने किंमत विचारली होती सोमवारी सायंकाळी. उत्तर गेले होते बुधवारी.

सात हजारांहून अधिक बेटांच्या आणि सुमारे 11 कोटी लोकसंख्येच्या या देशात मोबाईलवरील संवादाची सवय जुनी आहे. जानेवारी 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांच्याविरुद्ध मनिलातील एड्सा रस्त्यावर जो जनसमुदाय लोटला, त्याला जमवण्यात मोबाईलवरच्या लघुसंदेशांचा मोठा वाटा होता. आज तेच बोलणे फेसबुकच्या मेसेंजरवर चालते. तेथील गिऱ्हाईक जाहिरात पाहून थेट पैसे भरतेच असे नाही. आधी ते दुकानदाराशी बोलू पाहते.

या बोलण्यामागे एक शब्द आहे : सुकी. आपल्या सुक्या भेळेशी त्याचा काही संबंध नाही! सुकी म्हणजे नेहमीचे गिऱ्हाईक. आणि विशेष हे की, नेहमीच्या दुकानदारालाही सुकीच म्हणतात. नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले. गल्लीतील छोट्या दुकानास तेथे सारी-सारी म्हणतात. तेथे शाम्पूची एकच पुडी, एकच सिगारेट, वाटीभर तेल असा किरकोळ माल मिळतो आणि ओळखीवर उधारीही चालते. आपल्या वाडवडिलांच्या दुकानांत याहून वेगळे काय होते? तेव्हा मोबाईलवरील जाहिरात ही दुकानाची पाटी समजावी. व्यापार गल्ल्यापाशी बसून होतो. उत्तरास दोन दिवस लावणे म्हणजे दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवणे होय.

भाषेचेही तसेच. 1987 च्या राज्यघटनेनुसार फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन्ही अधिकृत भाषा आहेत. पण शहरांतील रोजच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ असते, तिला टॅग्लिश म्हणतात. सेबूकडे सेबुआनो ही निराळीच भाषा बोलली जाते. शिवाय आदर दाखवण्यासाठी टागालोग वाक्यात ‘पो’ हा शब्द घालतात, जसे आपण ‘अहो’ किंवा ‘जी’ म्हणतो. यंत्राच्या भाषांतरात हा आदर हरवला, तर शब्द बरोबर असूनही बोलणे उद्धट ठरते. म्हणून उत्तरे देण्यासाठी तेथीलच एखादी व्यक्ती पगारावर नेमावी. हा खर्च जाहिरातीच्या खात्यातच धरावा.

उसन्या चित्रांचा परिणाम काय होतो, हे खुद्द त्या देशाच्या पर्यटन खात्याने अनुभवले. जून 2023 मध्ये ‘लव्ह द फिलिपिन्स’ ही मोहीम सुरू झाली. तिच्या चित्रफितीत भातशेतीच्या पायऱ्या दिसल्या त्या इंडोनेशियातील बालीच्या. ज्या देशात इफुगाओची भातखाचरे 1995 पासून जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेली आहेत, त्या देशाने परक्याची शेते दाखवावीत! लोकांनी ही चूक हेरली, जाहिरात संस्थेला माफी मागावी लागली आणि तिचा करारही रद्द झाला. तेव्हा दिवाळीच्या पणत्यांसह दागिने दाखवणाऱ्या आपल्या जाहिरातीचे काय होणार?

दिनदर्शिका तर पूर्णच बदलावी लागते. बहुसंख्य लोक कॅथलिक. सप्टेंबर लागला की नाताळची गाणी वाजू लागतात. 1975 च्या अध्यक्षीय हुकुमानुसार नोकरदारांना तेरावा पगार 24 डिसेंबरपर्यंत द्यावाच लागतो. एरवीही पगार महिन्यातून दोनदा, साधारणपणे 15 आणि 30 तारखेला होतो. त्या दिवसांत हात मोकळा असतो. परदेशी काम करणारे फिलिपिनो दरवर्षी तीन हजार कोटी डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडतात. त्यामुळे पैसे भरणारा दुबईत आणि दागिना घालणारी सेबूत, असेही घडते. जाहिरात दोघांनाही दिसायला हवी.

पैशांसाठी जीकॅशसारखी मोबाईल पाकिटे रुळली आहेत, तरी माल हाती आल्यावर रोख देण्याची सवय सुटलेली नाही. ती सोय द्यावी. मात्र पाठवण्यापूर्वी एकदा विचारून खात्री करावी, अन्यथा परत आलेल्या पार्सलांचा भुर्दंड पडतो. आणि ‘किंमत संदेशात विचारा’ हा प्रकार टाळावा. तेथील व्यापार खाते त्यास किंमत दर्शवण्याच्या नियमाचा भंग मानते. डिसेंबर 2023 च्या इंटरनेट व्यवहार कायद्याच्या कक्षेत तो बाजार साधणारे परदेशी विक्रेतेही येतात.

शेवटी एक गोष्ट, जी बँकेत आयुष्य घालवलेल्या मला विशेष टोचते. फिलिपिन्समध्ये भारतीयांना सरसकट ‘बुम्बाय’ म्हणतात. हा शब्द आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरून आला आहे. दुचाकीवरून फिरत पाच देऊन सहा वसूल करणारे खासगी सावकार, अशी त्या शब्दाची छटा आहे. तेथील भारतीय मुख्यत्वे पंजाबी आणि सिंधी. त्यातही सावकारी करणारे काहीच. पण पत ही सामाईक खात्यासारखी असते. एकाने काढले तरी सर्वांची शिल्लक घटते.

म्हणून मी त्या चिरंजीवांना म्हटले, “बाळा, नव्या जाहिरातीचे पैसे महिनाभर राखून ठेव. आधी चौकशी केलेल्या प्रत्येकाला उत्तर दे, उशिराबद्दल क्षमा माग आणि किंमत स्पष्ट लिही. त्यांतले दहाजण सुकी झाले, तर अकरावा आपणहून येईल.” ते कागदाची घडी घालून, खाली बसून उत्तरे लिहू लागले.