रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, पण गाठीचे काय?

तानसा परिसरातल्या एका पाड्यावरून पन्नाशीची एक बाई ओपीडीत आली. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ, सात महिन्यांपासूनची. दुखत नव्हती. ‘रक्त तपासलंय डॉक्टर, सगळं नॉर्मल आलंय,’ म्हणत तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. सीबीसी आणि सीआरपी खरोखरच नॉर्मल होते. त्या कागदाच्या भरवशावर सात महिने निघून गेले होते.

रक्तातल्या साध्या तपासण्या आणि स्तनाचा कर्करोग यांच्या संबंधावर सध्या बरेच संशोधन होत आहे. त्यातली मूळ कल्पना जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ मध्येच कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि दाह व कर्करोग यांचे नाते सुचवले. दाह म्हणजे जखम किंवा जंतूंविरुद्ध शरीराने दिलेला प्रतिसाद. तो वाढला की सीआरपी वाढते आणि पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल वाढून लिम्फोसाइट तुलनेने कमी होतात. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागले की एक गुणोत्तर मिळते. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असते.

२०१७ मध्ये १५ अभ्यासांतील आठ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. हे गुणोत्तर जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. मात्र या सगळ्या स्त्रियांना कर्करोग असल्याचे आधीच ठरले होते. हा आकडा आजाराच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज देतो, तोही रुग्णांच्या मोठ्या गटापुरता. समोरच्या बाईला कर्करोग आहे की नाही, हे तो सांगत नाही.

शिवाय शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत हे आकडे वाढायला कारणे पुष्कळ. मलेरिया, क्षयरोग, भातलावणीत चिघळलेली पायाची जखम, अंगदुखीसाठी घेतलेली स्टिरॉइडची गोळी, यांपैकी कशानेही ते वाढतात. उलट, सुरुवातीच्या कर्करोगात ते अगदी नॉर्मल असू शकतात.

दाह कमी केला की आजार उलटणार नाही, हेही सिद्ध झालेले नाही. तीन हजारांवर रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी देऊन अमेरिका-कॅनडात चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचा निष्कर्ष आला: अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही.

मग उपयोग कशाचा? प्रशिक्षित हाताचा. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही.

तिशीपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमातही आहे. आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. न दुखणारी गाठ, काखेतली गाठ, आत ओढलेले स्तनाग्र, त्यातून रक्त येणे, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा, या तिन्हींवरून निदान ठरते. उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, तेही रुग्णालयातच विचारता येते.

रक्ताचा रिपोर्ट कितीही चांगला आला, तरी गाठ हाताला लागत असेल तर ती दाखवलीच पाहिजे.