तांब्याचा गळा आणि स्वदेशीचा आग्रह

‘रूप काय चाटायचे आहे? वस्तू टिकली म्हणजे झाले!’ हे वाक्य मध्यमवर्गीय घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. काटकसर हा गुणच. परंतु या वाक्याने देखणेपणाला चैनीच्या पंगतीत नेऊन बसवले आणि त्याचा भुर्दंड देशी मालाला सोसावा लागला.

गंमत अशी की, जिथे हे वाक्य उच्चारले जाते, त्याच घरातला तांब्या त्याचे खंडन करीत उभा असतो. चार्ल्स आणि रे ईम्स या ख्यातनाम अमेरिकन रचनाकार दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून १९५८ साली एक अहवाल सादर केला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी बहुधा सर्वांत सुंदर म्हणून त्यांनी निवडला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. त्यावर ना रत्ने, ना नक्षी. मग सौंदर्य कशात?

गळा आवळलेला, म्हणून ओल्या हातातूनही तो निसटत नाही आणि विहिरीवर दोरीचा फासही तिथेच बसतो. काठ बाहेर वळलेला, म्हणून धार हवी तिथे पडते. पोट गोल; चिंच-राख लावून घासताना कुठे कोपरा आडवा येत नाही. हे रूप कोणा एका कारागिराने घडवलेले नाही. अगणित हातांनी वापरून, दुरुस्त करून ते सिद्ध झाले. वापरणाऱ्याचा विचार शेवटपर्यंत नेला की वस्तू देखणी होते. वरून चिकटवलेली सोनेरी पट्टी म्हणजे सौंदर्य नव्हे.

आणि आज? धुणाऱ्याचे बोट कापणारा स्टीलच्या डब्याचा काठ, ओतताना निम्मे पाणी अंगावर सांडणारा जग. असल्या वस्तू ‘स्वदेशी’ म्हणून ग्राहक एकदा घेईल, कर्तव्यबुद्धीने. दुसऱ्यांदा तो परदेशी मालाकडे वळला, तर त्याच्या देशभक्तीवर बोट ठेवणे अन्यायाचे ठरेल.

रूपाची कदर परक्याने केली की मगच आपल्याला जाग येते, हेही दुखणे जुनेच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन प्रदर्शनात तसल्याच चपला श्रेय न देता मिरवल्या, तेव्हा मात्र संताप उसळला. संताप रास्तच होता. पण संतापणाऱ्यांपैकी कितीजणांच्या पायांत त्या दिवशी कोल्हापुरी होती?

जुन्या बायका भांडे घेताना ते बोटाने वाजवून, आत हात घालून, काठावर अंगठा फिरवून पाहत आणि मनास न आल्यास तांबटाला खुशाल परत देत. मिक्सर, कुकर वा पंखा घेताना हा चोखंदळपणा आजच्या घरांनी दाखवला, तर कारखानदाराला तो ऐकावाच लागेल.