केळीचा बुंधा आणि लघुउद्योग

उजनी जलाशयाच्या पाण्यावर करमाळा तालुक्यातील कंदर परिसराची केळी परदेशी बाजारपेठेत पोहोचली, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु केळीचे झाड एकदाच फळते. घड उतरल्यावर उरणारा बुंधा बहुधा टाकूनच दिला जातो. वस्तुतः त्यापासून धागा निघतो आणि चोथ्याचे खत होते. बुंध्यात बहुतांश पाणीच असल्याने तो दूरवर वाहून नेणे परवडत नाही. अर्थात हा उद्योग शिवारालगत, लहान प्रमाणावरच उभा राहू शकतो. मग अडते कोठे? धाग्याच्या गिऱ्हाइकाची शाश्वती नाही आणि त्यावाचून यंत्रासाठी कर्ज काढण्यास कोणी धजत नाही. निर्मळ शिवाराचा लाभ साऱ्यांनी घ्यावा व जोखीम मात्र एकट्या उद्योजकाने पत्करावी, हा न्याय नव्हे. शासनाने खरेदीची हमी आणि सहकारी बँकांनी सवलतीचे कर्ज देऊन तीत वाटा उचलावा. नुसत्या हरित घोषणांनी यंत्र फिरत नाही.