आधी अंदाज, मग सूत्र

“सूत्रे सारी पाठ आहेत, पण उदाहरण समोर आले की काय करावे ते सुचत नाही.” महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून ही तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. वडिलांना वाटते, अभ्यास कमी पडला. मुलाला वाटते, आपली बुद्धीच तोकडी. अशा समजुतीने कित्येक जण विज्ञानाची वाट सोडून देतात. परंतु दोष पुष्कळदा शिकविण्याच्या रीतीत असतो.

अमेरिकेतील डिकिन्सन महाविद्यालयात प्रिसिला लॉज व त्यांचे सहकारी यांनी १९८७ च्या सुमारास व्याख्यानांना फाटा देऊन विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या मेजाभोवती बसविले. प्रथम अंदाज लिहावयाचा, मग प्रयोग करावयाचा, अंदाज चुकल्यास का चुकला याची आपसांत चर्चा करावयाची आणि त्यानंतर सूत्राकडे वळावयाचे, असा तेथील क्रम. १९९८ साली रिचर्ड हेक यांनी बल व गती शिकविणाऱ्या ६२ वर्गांतील सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या. आरंभी जे येत नव्हते, त्यापैकी जुन्या पद्धतीच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के आत्मसात केले होते. तर करून पाहणाऱ्या व चर्चा करणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के!

या रीतीची प्रचीती घरीही घेता येईल. दोऱ्याला लहान दगड बांधून खुंटीला टांगा. खुंटीपासून दगडाच्या मध्यापर्यंत अंतर एक मीटर असू द्या. आता मुलाला विचारा, “दगड जड घेतला तर झोका लवकर पुरा होईल काय?” उत्तर कागदावर लिहून घ्या. मग दगड चार बोटे बाजूला नेऊन सोडा आणि जाऊन परत येणे हा एक, असे दहा झोके मोजा. सुमारे २० सेकंद लागतील. जड दगड घेतला तरी, मध्यापर्यंतची लांबी तीच ठेवल्यास, तितकेच! मात्र लांबी २५ सेंटिमीटर केली, तर १० सेकंद पुरतात. लांबी चौथाई, वेळ निम्मा.

झोके दहाच का मोजावयाचे? घड्याळ पाहताना होणारी चूक दहा झोक्यांत वाटली जाते म्हणून. पुढे याच आकड्यांवरून गुरुत्वत्वरण काढल्यास ते दर सेकंदास सेकंदाला ९.८ मीटरच्या जवळपास येते. पुस्तकातील तो रुक्ष आकडा आता स्वतः मिळविलेला असतो. त्याचा विसर सहसा पडत नाही.

तथापि नुसते हात चालवून भागत नाही. छापील कृतीबरहुकूम आकडे भरून वही पुरी करणे हेही एक प्रकारचे पाठांतरच होय. अंदाज आधी हवा व कारणांचा शोध नंतर हवा. या रीतीत शिक्षकाचे कामही हलके होत नाही; नेमका प्रश्न विचारणे हे उत्तर सांगण्याहून कठीण असते.

म्हणून घरातील विद्यार्थी उदाहरणापाशी अडला, तर त्याला रागावू नका आणि उत्तर सांगण्याची घाईही करू नका. “तुला काय वाटते? करून पाहू या,” एवढेच म्हणा.