पाते मोडले, पण कशामुळे?

मंगळावरील ‘इंजेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरची पाती १८ जानेवारी २०२४ रोजी मोडली. पाच उड्डाणांच्या अपेक्षेने पाठविलेल्या या यानाचे ते ७२ वे उड्डाण होते. साहजिकच पाती झिजली असावीत, असा तर्क कोणालाही सुचावा. यंत्र जुने झाले की त्याच्या मरणाचे कारण शोधण्याची गरज उरत नाही, ही समजूत आपल्या कचेऱ्यांत व कारखान्यांत चांगलीच मुरलेली आहे.

‘नासा’च्या शास्त्रज्ञांनी मात्र कारण शोधले. घटनास्थळ कोट्यवधी किलोमीटर दूर. साक्षीदार नाही, मोडका तुकडा हाती घेऊन पाहण्याची सोय नाही. प्रथम संशय होता तो पाते जमिनीवर आपटल्याचा. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वाधिक संभाव्य म्हणून जो निष्कर्ष मांडला गेला, तो निराळा होता. खालील जमिनीवरचे खडे व खुणा कॅमेऱ्याने टिपून हे यान आपली गती ओळखत असे. त्या दिवशी खाली होती ती वाळूची जवळजवळ निर्विशेष उतरण. खुणाच नाहीत, म्हणून गतीचा अंदाज चुकला. यान उतारावर जोराने आदळून एकाएकी कलंडले. सायकलचे फिरते चाक हातात धरून तिरपे करू पाहणाऱ्यास ते कसा विरोध करते, हे ठाऊक असते. तसाच ताण त्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आला व चारही पाती, टोकापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर, आपल्या सर्वांत दुबळ्या जागी तुटली. मग तोल गेला, कंपने वाढली आणि त्यांतील एक पाते मुळापासूनच उखडले.

म्हणजे छायाचित्रात सर्वांत भीषण दिसणारी मोडतोड ही साखळीतील शेवटची कडी होती. पहिली कडी पात्यात नव्हतीच. ‘पाती जाड करा’ ही शिफारस किती सोपी झाली असती! पण पृथ्वीच्या मानाने सुमारे एक टक्काच दाट असलेल्या हवेत वाढीव वजन पेलणे दुष्कर, आणि एवढे करूनही यानाची दृष्टी अधूच राहिली असती.

आज आपल्या शिवारांतही फवारणीचे ड्रोन उडू लागले आहेत. तेथे पाते मोडले की नवे बसवावे आणि चालविणाऱ्यास बोल लावावा, हा मार्ग सोयीचा खरा. त्यात खऱ्या कारणाचा पत्ता मात्र लागत नाही. तुकडे फेकण्यापूर्वी पाते नेमके कोठे तुटले, आधी काय बिघडले आणि उड्डाणाची नोंद काय सांगते, हे तपासण्याचे शिक्षण ड्रोन चालविण्याच्या शिक्षणाबरोबरच दिले गेले पाहिजे.